टेकडी वाचते ती आराखड्यात

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने पुण्यातल्या अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या वस्त्या धुऊन काढल्या. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. पाऊस मोठा होताच. पण उतार फोडलेले, ओढ्याचे पात्र ठिकठिकाणी आवळलेले. पाण्याने जायचे तरी कुठे? हवामान बदलते आहे, ढगफुटीसारखे पाऊस वाढत आहेत, आणि अशा काळात शहराचा पहिला बचाव म्हणजे त्याच्या टेकड्या आणि ओढे.

टेकडीचे काम साधे आहे. पुण्याचा खडक काळा बेसाल्ट. त्यातल्या भेगांमधून पाणी हळूहळू खाली झिरपते आणि पायथ्याच्या विहिरी-बोअरना मिळते. माथ्यावर माती, गवत, झुडपे असली तर पाणी थांबते. काँक्रीट आले की तेच पाणी थेट रस्त्यावर येते.

१९९७ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत आलेल्या २३ गावांचा विकास आराखडा होऊ लागला, तेव्हा टेकड्यांवरचे सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यानासाठी, म्हणजे ‘बीडीपी’साठी राखावे, असा आग्रह नागरिकांनी धरला. थोडे तरी बांधकाम होऊ द्या, असा दबाव वर्षानुवर्षे होता. शासनाने अखेर २०१५ मध्ये आरक्षण कायम केले आणि जमीनमालकांना मोबदल्यापोटी ८ टक्के टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देऊ केला. मालकांना तो अपुरा वाटतो, आणि माझ्या मते त्यांचे गाऱ्हाणे रास्त आहे. मोबदला अडला की आरक्षण कागदावर राहते आणि टेकडीवर बेकायदा बांधकामे चढतात. टेकडीप्रेमींनी मोबदल्याची मागणीही तितक्याच जोराने केली पाहिजे.

वेताळ टेकडीचा लढा अजून ताजा आहे. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीच्या पोटातून दोन बोगदे असा बेत होता. विधी महाविद्यालय रस्त्यावरची कोंडी खरीच आहे. पण नवा रस्ता काही वर्षांत तितकाच भरतो, फोडलेली टेकडी मात्र परत मिळत नाही. १५ एप्रिल २०२३ ला हजारो पुणेकर वेताळबाबा चौकात जमून मोर्चाने निघाले. रोज पहाटे टेकडी चढणारे आजी-आजोबा, विद्यार्थी, पक्षीनिरीक्षक, सगळे.

मोर्चा दिसतो, बातमी होते. त्याहून कमी दिसणारे, पण फार मोलाचे हत्यार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ने नागरिकाच्या हाती दिले आहे: प्रारूप आराखड्यावर मुदतीत हरकत नोंदवण्याचे. मुंबईत २०१५ साली प्रारूप आराखड्यावर हरकतींचा पाऊस पडला. त्या आराखड्यात आरे वसाहतीत बांधकामाला वाट करून दिलेली होती, वारसास्थळांच्या नोंदी चुकल्या होत्या. एप्रिलमध्ये सरकारला तो रद्द करावा लागला. नवा मसुदा पुढच्या वर्षी आला.

तेव्हा वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस नजरेआड करू नका. नकाशा पाहा, आपल्या भागातला ओढा, मैदान, टेकडीचा उतार शोधा. हरकत लिहिताना सर्व्हे नंबर आणि आरक्षणाचा क्रमांक द्या, कारण थोडक्यात पण नेमके मांडा, अर्जाची पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः हजर राहा. जाताना शेजाऱ्यालाही सोबत न्या.