खोकल्याच्या गोळीचे मूळ अडुळशात

निफाडचा पारा घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि नाशिक शहरात खोकल्याच्या बाटल्यांचा खप वाढतो. याच दिवसांत अनेक घरांत परसातला, नाहीतर कुंपणाचा अडुळसा आठवतो. शेळीसुद्धा ज्याला सहसा तोंड लावत नाही, असे हे कडू झुडूप. म्हणूनच ते कुंपणाला चांगले.

आजीची रीत ठरलेली: पाने धुवायची, तव्यावर गरम करायची किंवा वाफवायची, मग पिळून रस काढायचा आणि मधातून चाटवायचा. यातली गरम करण्याची पायरी मला फार महत्त्वाची वाटते. कच्चे पान कितीही कुटले तरी रस जेमतेम निघतो. उष्णतेने पेशी मऊ पडतात आणि तो सुटतो. आयुर्वेदातला पुटपाक याच तत्त्वावर चालतो, आणि अडुळसा हे त्याचे ठरलेले उदाहरण.

पानातले मुख्य द्रव्य आहे व्हॅसिसिन नावाचे अल्कलॉइड. डेव्हिड हूपर या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये ते वेगळे केले. पुढे त्याच्या रचनेत फेरफार करून ब्रोमहेक्सिन तयार झाले आणि १९६३ मध्ये ते औषध म्हणून वापरात आले. शरीरात ब्रोमहेक्सिनपासून जे अँब्रोक्सॉल बनते, तेही पुढे स्वतंत्र औषध झाले. आज डॉक्टर लिहून देतात त्या कित्येक कफ सिरपांत या दोहोंपैकी एक असते. छातीतला कफ चिकट होतो तो त्यातल्या लांबलचक तंतूंमुळे. ब्रोमहेक्सिन हे तंतू तोडते, कफ पातळ होतो आणि श्वासनलिकेतले सूक्ष्म केस त्याला वर ढकलू शकतात. आजीचा रस आणि डॉक्टरची बाटली हे असे एकाच कुळातले आहेत.

पण जे पान औषध आहे, त्याला औषधाचेच नियम लागू होतात. ‘झाडपाल्याने काय अपाय होणार?’ हा समज इथे धोक्याचा आहे. व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावते, म्हणून गरोदर स्त्रीने अडुळसा घेऊ नये. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊच नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. रोज सकाळी ‘शक्तीसाठी’ अडुळशाचा काढा पिण्यालाही काही अर्थ नाही. तुळशीची दोन पाने चहात टाकणे वेगळे आणि हे वेगळे. मात्रा वैद्यांना विचारूनच ठरवावी, कारण प्रत्येक पानातले व्हॅसिसिन सारखे नसते. बाजारातल्या सुक्या पाल्यात महारुखाच्या पानांची भेसळ होते, हेही लक्षात ठेवावे. अडुळशाचे पान साधे, भाल्याच्या आकाराचे, समोरासमोर जोडीने येणारे. महारुखाचे संयुक्त, दातेरी कडांच्या पर्णिकांचे. पावडर झाली की हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ओळखीच्या झुडपाचे ताजे पान बरे.

आपल्या जुन्या वैद्यकाने क्षयाच्या खोकल्यावरही अडुळशाची थोरवी गायली आहे. तेव्हा क्षयाचे जंतू मारणारे औषध नव्हते, आज आहे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, थुंकीत रक्त दिसले किंवा वजन उतरू लागले, तर अडुळशावर दिवस काढू नका. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा; तिथे थुंकीची तपासणी आणि क्षयरोगाचे उपचार दोन्ही मोफत आहेत.