ठळक सॅन्स-सेरिफ फॉन्ट: रचना आणि उपयोग

रोमन अक्षरांच्या टोकांशी असणाऱ्या लहान रेघांना सेरिफ म्हणतात. त्या नसलेला फॉन्ट म्हणजे सॅन्स-सेरिफ. त्याचे जाड, मोठ्या आकारासाठी घडवलेले रूप शीर्षके, वेष्टने आणि पाट्यांसाठी वापरतात. त्याला डिस्प्ले फॉन्ट म्हणतात.

समजा, बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील एका कारखान्याच्या पाट्या तुम्हाला करायच्या आहेत. २०२४च्या कायदा-दुरुस्तीनुसार कर्नाटकात नामफलकावर ६० टक्के कन्नड लागते. सोबत देवनागरी आणि रोमन असेल, तर तिन्ही लिप्यांचा जाडपणा जुळायला हवा. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'बालू' हा मुक्त परवान्याचा फॉन्ट येथे उपयोगी पडतो. त्याच्या कन्नड रूपाचे नाव 'बालू तम्मा' आहे.

आता धोक्याची पाटी पाहा. रेघ जाड केली की अक्षरातील पोकळी आक्रसते. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्याने मूळ अक्षराला उंची आधीच कमी मिळते. 'ष'मधील तिरकी रेघ पोकळीत बुजली, तर 'विषारी' हा शब्द लांबून ओळखू येत नाही. म्हणून रचनाकार आतल्या रेघा बारीक करतो. 'एक टाइप'च्याच 'मोदक' फॉन्टमध्ये पोकळी फटीएवढीच उरते. तो शीर्षकाला शोभतो, सूचनेला नाही.

थोडक्यात, नावासाठी ठळक आणि सूचनेसाठी मध्यम जाडीचा फॉन्ट निवडा. नमुना खऱ्या आकारात छापून कामगार वाचतील तितक्या अंतरावर लावा. ष-प, ब-व, घ-ध या जोड्या तेथून वेगळ्या दिसल्या, तरच पाटी पक्की करा.