वाकडं अंगण आणि शिवाचं गाणं

चामोर्शी तालुक्यातल्या एका बंगाली घराची ओसरी. ठाकुमा, म्हणजे आजी, सुपात तांदूळ निवडतेय आणि आठवेल तशी म्हण सांगतेय. नात ती वहीत देवनागरीत उतरवते, समोरच्या रकान्यात मराठी लिहिते. 1960च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं या भागात वसवली गेली, तेव्हा हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला 1982 साली. नात मराठी शाळेत शिकली. घरात बंगाली, बाजारात झाडीबोली, म्हणजे इथली मराठीची बोली.

पहिली म्हण सोपी निघाली. ‘नाचते ना जानले उठान बाँका.’ उठान म्हणजे अंगण. ‘नाचता येईना अंगण वाकडे’, शब्दाला शब्द! फरक एवढाच, की बंगालीत नामाला लिंग नाही, पुस्तकी मराठीत अंगण ‘वाकडे’ आणि नपुंसकलिंग नसलेल्या झाडीबोलीत आंगन ‘वाकडा’. इंग्रजीत याच प्रसंगी वाईट कारागीर हत्याराला नावं ठेवतो. तिथे माणसावर थेट ठपका असतो. इथे नाचणाऱ्याची सबब तेवढी सांगायची, पुढचं ऐकणारा समजतो. अर्थ एकच, पण टोमण्याची धार वेगळी.

अडलं ते पुढच्या म्हणीपाशी. ‘धान भानते शिबेर गीत.’ भानणं म्हणजे कांडणं. नातीनं सरळ लिहिलं: धान कांडताना शिवाचं गाणं. वाचून शेजारची मराठी मावशी म्हणाली, “किती छान!”

छान वाटणारच. जात्यावर देवाच्या ओव्या म्हणणं ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यात वैनगंगेकाठचं मार्कंड्याचं शिवमंदिर याच तालुक्यातलं. इथे कामासोबत शिवाचं नाव घेणारी बाई कौतुकालाच पात्र ठरते. बंगालीत मात्र ही म्हण मूळ विषय सोडून भलतंच पाल्हाळ लावणाऱ्याला ऐकवतात. शब्द सगळे बरोबर आणि म्हण पार उलटी! अनुवादातली ही चूक सर्वांत फसवी, कारण ती चुकीसारखी दिसतच नाही.

नातीनं ती ओळ खोडून लिहिलं, ‘विचारलं काय, सांगतोस काय’. टोला नेमका बसला, धान मात्र गेलं. मग तिनं मूळ चित्र खाली बारीक अक्षरात नोंदवून ठेवलं. हा निर्णय योग्यच, कारण चित्र गेलं की त्यातला भावही जातो. आयरिश माणूसही घरासारखं दुसरं काही नाही हे सांगताना घराऐवजी ‘तिनतान’, म्हणजे चूल, असा शब्द वापरतो. त्या शब्दातली ऊब ‘घर’ लिहून येत नाही.

‘जले कुमीर, डांगाय बाघ’, पाण्यात मगर, काठावर वाघ. मराठीत तयार आहे: इकडे आड, तिकडे विहीर. ठाकुमाला ते पटेना.

“आडात पडलेल्याला दोर टाकून काढता येतं गं. वाघाच्या तोंडून कोण काढणार?”

नातीनं आड-विहीर ठेवली, पण शेजारी पेन्सिलीनं वाघही लिहिला. तेंदूपत्त्याच्या हंगामात इथली माणसं पहाटे जंगलात शिरतात, तेव्हा त्या म्हणीतला वाघ खराच असतो.