पनवेल ते पणजी : अंतर किती, वेळ किती?

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर गोव्याची वाट वेगळी होते. गणपतीत गावी निघालेल्या चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग इथूनच लागते. हा राष्ट्रीय महामार्ग ६६, पार कन्याकुमारीपर्यंत जाणारा. या रस्त्याने पणजी सुमारे साडेपाचशे किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं, तर मात्र चारशेही भरत नाही.

हे हवाई अंतर घरबसल्या काढता येतं. पनवेल सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर, पणजी साडेपंधरा अंशांवर. एका अंशाला साधारण १११ किलोमीटर धरले, तर साडेतीन अंशांचे ३८८. पणजी पूर्वेलाही ७५ किलोमीटर सरकलेली आहे. शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय लावलं की उत्तर येतं ३९५. अंतर याहून फार मोठं असेल, तर पृथ्वीची गोलाई हिशेबात घ्यावी लागते.

मग रस्त्याचे वरचे दीडशे किलोमीटर येतात कुठून? कोकणच्या भूगोलातून. पनवेल सुटताच कर्नाळ्याची खिंड, पुढे कशेडी आणि परशुराम घाट, वाटेत सावित्री आणि वासिष्ठी. भरलेल्या ट्रकला झेपेल इतकाच चढ ठेवायचा, तर रस्त्याला डोंगराभोवती वळसे घेतच जावं लागतं. नदीही पुलासाठी सोयीची जागा पाहूनच ओलांडायची. शिवाय वाटेतली गावं जोडायची असतात.

विमानापुढे डोंगर नाही, पण त्याची अडचण वेगळी आहे.

पनवेल तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. तिथून गोव्यातलं मोपा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ३७० किलोमीटर. उतरताना वैमानिक एक ढोबळ नियम पाळतात : दर हजार फुटांना तीन सागरी मैल. तीस हजार फुटांवरून खाली यायला ९० सागरी मैल, म्हणजे जवळपास १६७ किलोमीटर लागतात. चढण्यातही बरंच अंतर जातं. त्यामुळे ताशी आठशे किलोमीटरचा वेग या मार्गावर जेमतेम काही मिनिटं मिळतो. पुणे तर पनवेलहून हवाई मार्गानं जेमतेम ९५ किलोमीटर. तेवढ्यात मोठ्या जेट विमानाला पूर्ण उंची गाठून परत उतरायला जागाच नाही.

घड्याळाचा हिशेब असा. घर ते विमानतळ अर्धा तास, उड्डाणाआधीचे दोन तास, विमानात सव्वा तास, सामान मिळून बाहेर पडेपर्यंत अर्धा तास, मोप्याहून पणजी एक तास. एकूण सव्वापाच तास. मोटारीनं सरासरी ताशी पन्नासच्या वेगानं अकरा तास. विमानाचा वेग मोटारीच्या सोळा पट, पण वेळ वाचतो निम्माच. कारण सव्वापाचातले चार तास जमिनीवरच जातात.

म्हणून तिकीट काढताना केवळ उड्डाणाची वेळ पाहू नका. घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचे तास मोजा. पुण्यासाठी द्रुतगती मार्ग सोयीचा; पणजीसाठी, घाई असेल तर, विमान.