हेलिकॉप्टरच्या धाकाने घरात शिरलेलं पीक

१९८३ साली उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवर सरकारी हेलिकॉप्टरं घिरट्या घालू लागली. हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या परगण्यांत शहरं सोडून आलेल्या हिप्पींनी जंगलाच्या आडोशाला गांजा लावला होता. तो उपटायला ‘कॅम्प’ नावाची मोहीम निघाली. वरून हिरवे ठिपके दिसले की खाली पथक हजर. मग बऱ्याच जणांनी लागवड छपराखाली नेली. तळघरात, गॅरेजमध्ये, दिव्यांच्या उजेडात झाडं वाढू लागली आणि अनेक ठिकाणी मातीची जागा पाण्याने घेतली.

मातीविना शेतीचं तंत्र, म्हणजे हायड्रोपोनिक्स, तोवर जुनं झालं होतं. बर्कलेच्या विद्यापीठातले विल्यम गेरिके यांनी १९३०च्या सुमारास नुसत्या पोषकद्रव्यांच्या पाण्यावर पंचवीस फुटी टोमॅटो वाढवून दाखवले होते. मुळांना आधाराला रॉकवूल, म्हणजे खडक वितळवून काढलेले तंतू, किंवा आपल्याकडच्या रोपवाटिकांतलं कोकोपीट. नत्र, स्फुरद, पालाश पाण्यात विरघळवून थेट मुळाशी. झाडाला अन्न शोधत मुळं पसरावी लागत नाहीत, त्यामुळे वाढ झपाट्याने होते. मातीतल्या जड धातूंचीही धास्ती नसते, आणि गांजाचं झाड ते धातू शोषून घेण्यात पटाईत आहे.

पण मातीत खताचं माप थोडं चुकलं तर माती ते काही दिवस पोटात घालते. पाण्यात तशी सवलत नाही. पंप बंद पडला की काही तासांत मुळं सुकू लागतात. पाणी तापलं आणि त्यात प्राणवायू कमी पडला की पिथियम हा बुरशीसारखा जीव शिरतो. निरोगी पांढरी मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात आणि एकाच टाकीवरची सगळी रांग धोक्यात येते. मातीतल्या गांजाला वास जास्त, असं जुने शेतकरी छातीठोकपणे सांगतात. त्यात वाण किती आणि माती किती, हे वेगळं काढणं सोपं नाही.

खरा हिशेब विजेचा आहे. (हायड्रोपोनिक्स म्हणजे दिवे आलेच, असं नव्हे, नेदरलँड्समधले टोमॅटो काचघरात मुख्यतः उन्हावर वाढतात.) कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली अमेरिकेतल्या बंदिस्त लागवडीचा हिशेब मांडला. एक किलो सुका गांजा पिकवताना, ठिकाणानुसार, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. त्यातला मोठा वाटा हवा थंड-गरम करण्याचा, ओल काढण्याचा आणि दिव्यांचा. उघड्या रानात यातलं बरंचसं काम ऊन-वारा फुकटात करतो.

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ला गांजा कायदेशीर केला, तेव्हा गुंतवणूकदारांनी बंदिस्त कारखान्यांवर पैसा ओतला. ऑन्टारियोतल्या स्मिथ्स फॉल्स गावी हर्शीच्या बंद पडलेल्या चॉकलेट कारखान्यात कॅनोपी ग्रोथ कंपनीचं मुख्य केंद्र आधीच उभं होतं. पुढे माल उदंड झाला, भाव कोसळले. २०२३ मध्ये कंपनीने ती जागा सुमारे ५.३ कोटी कॅनेडियन डॉलरना पुन्हा हर्शीलाच विकली.

कॅलिफोर्नियाने दुसरं टोक धरलं. कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे, तसंच गांजालाही गावाचं नाव लावता यावं म्हणून २०२० साली कायदा झाला. अटी मात्र कडक: झाड थेट जमिनीत हवं, वर छप्पर नको, दिवे नकोत. ज्या उघड्या शेतांवर हेलिकॉप्टरं उतरत होती, त्याच पद्धतीला आता सरकारी शिक्क्याचा मान. लपायची गरज संपल्यावर निव्वळ खर्चाच्या हिशेबात मातीचं पारडं जड ठरतं, असंच दिसतं.

भारतात मात्र हा वाद सध्या वाचण्यापुरताच आहे. उत्तराखंडने २०१८पासून धाग्या-बियांसाठी हेंपच्या लागवडीला परवाने दिले, तेही नशेचा घटक ०.३ टक्क्यांच्या आत असेल तरच. परवान्याशिवाय गांजा लावला तर १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, मग झाड मातीत असो वा पाण्यात.