भिजलेला बनियन खरं बोलतो का?

लेखमाला : चालतं-बोलतं शरीर (भाग ७)

गेल्या रविवारी नाडी कशी मोजायची ते लिहिलं आणि सोमवारी सकाळीच औशाहून एका मुलीचा फोन आला. पोलीस भरतीची तयारी करणारी. "सर, आम्ही सहा जणी संगंच पळतोत. बाकीच्या पार निथळायल्यात अन् मला घामच येईना गेलाय. मी कमी पडायलेय का?" मी तिला ८०० मीटरची वेळ विचारली. बोलण्यातून कळलं की सहा जणींत पहिली तीच येते. तरी शंका होतीच, कारण ग्राउंडवर घाम हीच मेहनतीची पावती समजली जाते.

दुसरं टोक नांदेडला माझ्याच गल्लीत राहतं. निवृत्त गुरुजी, वय ७२. भर मे महिन्यात नायलॉनचं जाकीट घालून, चेन गळ्यापर्यंत ओढून ते गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जातात. परत आले की ओट्यावर उभं राहून बनियन पिळतात आणि खाली सांडलेल्या पाण्याकडे बोट दाखवतात. "ही बघ चरबी. चालली गटारात." त्यांनी माझ्याकडून चौथीत पाढे पाठ करून घेतले आहेत, त्यामुळे समोरासमोर वाद घालायची माझी टाप नाही. इथं लिहिता येतं. ते ही लेखमाला वाचतात हेही मला माहीत आहे.

ही समजूत आपल्या भाषेनंच पक्की केली आहे. घाम गाळला म्हणजे कष्ट केले, घामाचा पैसा म्हणजे खरा पैसा. शब्दाच्या मुळाशी गेलं तर मात्र वेगळंच निघतं. घाम आला संस्कृत ‘घर्म’वरून, आणि घर्म म्हणजे उष्मा, ऊन. भोजपुरीत आणि नेपाळीत आजही ‘घाम’ म्हणजे ऊनच. आपण कारणाचं नाव परिणामाला देऊन बसलो. शरीरशास्त्राची साक्ष त्या जुन्या अर्थाच्या बाजूनं पडते. घामाचं सख्खं नातं उष्णतेशी, मेहनतीशी चुलत.

ते कसं, ते बघू. चालताना-पळताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला पाचवा, फार तर चौथा हिस्सा प्रत्यक्ष हालचालीला लागतो. उरलेली सगळी उष्णता होते. ती बाहेर पडली नाही तर रक्त तापत जाईल. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग या तापमानावर नजर ठेवून असतो. पारा किंचित चढला की तो त्वचेकडे जादा रक्त सोडतो आणि वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथींना कामाला लावतो. एक लिटर घाम अंगावरच वाळला, तर तो साधारण ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळला तर! हनुवटीवरून जमिनीवर टपकलेला थेंब अंगाला काडीचाही थंड करत नाही. तो वायाच गेला.

हे मराठवाड्यातल्या माणसाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. आपल्या घरात दोन शिक्षक आहेत, माठ आणि कूलर. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी हवेत उडतं आणि आतलं पाणी गार होतं. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात, हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा माठातलं पाणी दाताला लागतं. आणि जुलैत? बाहेर पाऊस, हवा ओली, माठ बाहेरून भिजलेला दिसतो पण पाणी कोमट. कूलरचंही तेच. एप्रिल-मेमध्ये वाळ्याच्या ताट्यांतून येणाऱ्या वाऱ्यानं झोप लागते आणि पहिले दोन पाऊस झाले की तोच कूलर खोलीभर नुसता चिकचिकाट करतो. मशीन बिघडलेलं नसतं, बाहेरची हवा पाणी उचलत नाही.

माणसाची कातडी म्हणजे चालता-फिरता माठ. ती पावसाळ्यात ओली दिसते म्हणून जास्त काम करते असं नाही.

खात्री करायची म्हणून मी घरच्या वजनकाट्यावर एक खटाटोप केला. चालायला निघण्याआधी आणि आल्यावर, दोन्ही वेळा अंग कोरडं पुसून, कोरडी लुंगी गुंडाळून वजन करायचं. मध्ये पाणी प्यायचं नाही. रस्ता तोच, वेळ ४५ मिनिटं, तीच चाल. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी बाहेर ३९ अंश असताना वजन साडेसहाशे ग्रॅमनं उतरलं. टी-शर्ट मात्र पाठीवर थोडा ओलसर, बाकी कोरडा, आणि काखेच्या खाली मिठाच्या पांढऱ्या रेघा. जुलैतल्या एका पहाटे, पाऊस नुकताच थांबलेला असताना, उतार फक्त चारशे ग्रॅमचा. टी-शर्ट मात्र असा भिजला की बायकोनं विचारलं, पावसात सापडलात का? घाम कमी आणि कपडा जास्त ओला. एका माणसाचे दोन दिवस म्हणजे संशोधन नव्हे, पण माठाचा धडा ज्याला पटलाय त्याला यात आश्चर्य वाटणार नाही.

बाहेरची हवा त्वचेपेक्षा गरम झाली, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या वर गेली, की भोवतालची हवा अंगाची उष्णता घेण्याऐवजी उलट द्यायला लागते. मग घामाशिवाय दुसरी वाट उरत नाही. म्हणून मे महिन्यात तो जास्त गेला. त्याच संध्याकाळी नाडीही जुलैपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त होती, कारण हृदयाला स्नायू आणि त्वचा, दोन्हीकडे रक्त पाठवायचं होतं. गेल्या रविवारी नाडीची एवढी भलामण केली, तिलाही हवेचा चष्मा लागतो, हे त्या लेखात सांगायला हवं होतं. चूक माझी.

आता गुरुजींच्या चरबीकडे. ही समजूत एकट्या त्यांची नाही, तिला जुना आधार आहे. आयुर्वेदात स्वेद हा मेदाचा मल मानला आहे, म्हणून ‘घाम गेला म्हणजे मेद गेला’ हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. मोजमाप मात्र वेगळं सांगतं. लातूर हा रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांचा जिल्हा, तिथं कुस्तीचा वजनगट कुणाला समजावून सांगायला नको. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम सामन्याच्या सकाळी, ७ ऑगस्टला, १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. रात्रभर ती पळत होती, वाफेच्या खोलीत बसत होती. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतनं एका रात्रीत साडेचार किलोहून जास्त वजन उतरवलं आणि कांस्यपदक जिंकलं.

हिशेब करू. एक किलो चरबीत ७,७०० कॅलरीच्या आसपास ऊर्जा साठलेली असते. साडेचार किलोची झाली ३४ हजारांच्या वर. तासभर झपझप चालण्यानं तीनशेच्या आसपास खर्च होतात असं धरलं, तर गुरुजींना तेवढ्यासाठी रोज एक तास, जवळजवळ चार महिने चालावं लागेल. अमननं एका रात्रीत जे घालवलं ते पाणी होतं, आणि पाणी-जेवण पोटात गेलं की ते परत येतं. चरबी खरोखर जळते तेव्हा तिचा मोठा भाग, दहा किलोंतले आठ किलोंहून जास्त, कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडतो. म्हणजे गुरुजींची चरबी गटारात न जाता नाकातून जाते. जाकिटामुळे एवढंच होतं की घाम वाळत नाही आणि अंग तापत राहतं. सत्तरी ओलांडलेल्या हृदयाशी असा खेळ करू नये. पोटाला बांधायचे ‘घामाचे पट्टे’ जाहिरातीत दिसतात, त्यांचीही जात हीच.

मग घामाचा आणि तंदुरुस्तीचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो बहुतेकांच्या समजुतीच्या उलटा आहे. नियमित व्यायाम करणाऱ्याला घाम लवकर सुटतो आणि भरपूर सुटतो, कारण त्याचं शरीर तापायची वाट न बघता आधीच गार व्हायची तयारी करतं. उन्हाची सवय हाही सरावाचाच भाग. रोज तास-दीड तास उकाड्यात मेहनत केली तर आठवडा-दोन आठवड्यांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम आधी येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत नव्या मजुरांना खोल खाणीत उतरवण्याआधी गरम खोल्यांत असेच काही दिवस पायऱ्या चढ-उतर करायला लावत. जपानचे शरीरशास्त्रज्ञ यास कुनो यांनी आयुष्य घामावर खर्च केलं. त्यांच्या मते कामाला लागणाऱ्या घर्मग्रंथींची संख्या बालपणाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच ठरते, आणि उष्ण मुलखात वाढलेल्या मुलांत ती जास्त असते. उन्हात वाढलेल्या आपल्या पोरांना हे भांडवल फुकट मिळालंय.

औशाच्या मुलीचं उत्तर यातच आहे. बायकांना साधारणपणे पुरुषांपेक्षा घाम कमी येतो, लहान चणीच्या माणसाची उष्णताही कमी तयार होते. शिवाय औसा-लातूर हे बालाघाटचं पठार, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, पहाटेची हवा नांदेडच्या गोदाकाठापेक्षा हलकी. तिच्या अंगावर घाम येतो आणि दिसायच्या आत वाळतो. मैत्रिणी निथळतात, त्या कदाचित अंगानं थोराड असतील, कदाचित जाड ट्रॅकसूट घालून पळत असतील. भरतीच्या मैदानावर ८०० मीटरला गुण मिळतात ते सेकंदांवर. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे ३,००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावला. त्या दिवशी त्याला किती घाम आला, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

तिला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना मी एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगितली. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात काही तरुणांचे जीव गेले. पुढे ते अंतर कमी झालं. आता शिपाई पदाला मुलांसाठी १,६०० आणि मुलींसाठी ८०० मीटर असतं. कोरड्या हवेत तयार झालेलं पोरगं जेव्हा मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत पळतं, तेव्हा त्याच्या अंगाचा माठ जुलैतला माठ होतो. घाम धो धो वाहतो, अंग गार होत नाही. भरती तिकडे असेल तर चार-आठ दिवस आधी जाऊन हलका सराव करावा. आदल्या रात्री एसटीनं निघून, उपाशीपोटी, पहाटे रांगेत उभं राहण्याची आपली जी रीत आहे, ती जिवाशी खेळ आहे.

घाम नाही, तर मेहनत मोजायची कशानं? सुश्रुतानं व्यायाम अर्ध्या शक्तीपर्यंतच करावा असं सांगून तिची खूणही दिली आहे. श्वास तोंडानं घ्यायला लागला की समजावं, अर्धी शक्ती खर्ची पडली. आजचे डॉक्टर ज्याला बोलण्याची कसोटी म्हणतात, ती याच्या अगदी शेजारची. चालताना शेजाऱ्याशी बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मेहनत मध्यम. दोन-चार शब्दांतच धाप लागते, म्हणजे जोरदार. यासाठी घड्याळ लागत नाही, बनियनही पिळावं लागत नाही. रक्तदाबासाठी नाडी मंद करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना तर हीच कसोटी जास्त उपयोगाची, कारण त्यांची नाडी खरं बोलत नाही.

काही घाम मात्र ओळखून ठेवा. बसल्याजागी दरदरून सुटलेला थंड घाम, सोबत छातीत किंवा डाव्या हातात दाटल्यासारखं होणं, म्हणजे थेट दवाखाना. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला हात थरथरून घाम सुटला तर आधी साखर तोंडात घाला. उन्हात पळणारा माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर त्याला सावलीत आडवा करून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. त्याचा घाम आटलाय की वाहतोय, हे बघत बसू नका.

या आठवड्याचा गृहपाठ एवढाच. चालणं थांबवल्याक्षणी नाडी मोजा, बरोबर एका मिनिटानं पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. दोन्हींत १२ ठोक्यांपेक्षा कमी फरक पडत असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. बाकीच्यांच्या वहीचं काय करायचं ते पुढच्या रविवारी. आणि गुरुजी, ते जाकीट आता दिवाळीनंतरच बाहेर काढा.