सिमयुक्त घड्याळ : काही ग्रह आणि वस्तुस्थिती

मोबाइल नेटवर्कवर चालणारे अँड्रॉइड घड्याळ हौसेने मनगटावर चढविणाऱ्या गृहस्थाची पहिली तक्रार बहुधा आठवडाभरातच कानी येते, आणि ती अशी की, घड्याळ दिवेलागणीपर्यंतही तग धरीत नाही, सबब त्याची बॅटरी मुळातच सदोष असली पाहिजे. वास्तविक हल्लीच्या फोनमध्ये ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सर्रास आढळते, तर २०२१ च्या गॅलक्सी वॉच ४ च्या लहान आकारात ती २४७ आणि २०२२ च्या पहिल्या पिक्सेल वॉचमध्ये २९४ इतकीच आहे. एवढ्या तुटपुंज्या शिलकीवर फोनचाच सारा कारभार चालवावयाचा, तर खर्चाची बाब नेमकी कोणती हे आधी पाहावयास हवे.

ती बाब बहुतेकांना वाटते तशी पडद्यामागे उघडी राहिलेली ॲप ही नव्हे. स्मृतीत नुसते पडून राहिलेले ॲप जवळजवळ काहीच वीज खात नाही. उलट दर घटकेला ते निपटून काढून पुन्हा नव्याने उघडण्याचा खटाटोपच महाग पडतो.

खरा खर्च आहे तो रेडिओचा. टॉवर जितका दूर, तितक्या अधिक शक्तीने घड्याळाला आपला संदेश पाठवावा लागतो, आणि नेटवर्क मुळीच नसेल तेथे त्याचा शोध ते पुनःपुन्हा घेत राहते. फोन पायथ्याच्या गाडीत ठेवून राजगडासारखा गड चढणाऱ्या माणसाचे घड्याळ, त्याने वाटेत एकही फोन केला नाही तरी, माचीवर पोहोचेतो निम्मे रिकामे झाले, तर त्यात बॅटरीचा अपराध नाही. अशा वेळी घड्याळातील मोबाइल नेटवर्क खुशाल बंद करावे. त्यामुळे चढणीची नोंद थांबेल ही भीती अनाठायी आहे, कारण जीपीएस उपग्रहांचे संकेत केवळ ग्रहण करते आणि त्याला सिमची गरज नसते. फार तर प्रारंभी जागा निश्चित होण्यास थोडा अधिक अवधी लागेल. एरवी नेटवर्क ‘ऑटो’वर ठेवणे हाच उत्तम बंदोबस्त होय, कारण फोन जवळ असेपर्यंत सारा व्यवहार अल्पखर्ची ब्लूटूथवरून चालतो आणि तो दुरावल्यावरच मोबाइल रेडिओ कामास लागतो.

बॅटरी पूर्ण रिती केल्यावाचून चार्जिंगला लावू नये, हा दंडक निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. १९९१ पासून बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीला, अर्धवट रिती असताना भरल्याने क्षमता घटण्याचा तो ‘स्मृतिदोष’ नाही. तिचा वैरी उष्णता. उन्हात तापलेल्या गाडीत घड्याळ चार्जिंगला लावणे हे दररोज शंभर टक्के भरण्याहून कितीतरी घातक.

आता सॉफ्टवेअरविषयी. अद्यतन झाल्यावर एखाद-दोन दिवस बॅटरी झपाट्याने उतरते, तेवढ्यावरून अद्यतनाला बोल लावणारे पुष्कळ भेटतात. पण त्या काळात घड्याळ आतल्या आत ॲपची नव्याने जुळवाजुळव करीत असते, आणि ती आटोपली की खर्च पूर्ववत होतो. फोन बदलला की घड्याळ समूळ पुसावेच लागते, हीही जुनी गोष्ट झाली. अँड्रॉइड घड्याळांच्या २०२३ च्या वेअर ओएस ४ या प्रणालीपासून ते जसेच्या तसे नव्या फोनशी जोडण्याची मुभा आहे. मात्र २०२१ पूर्वीची गॅलक्सी घड्याळे टायझन प्रणालीवरची असून, ती अद्यतनाने अँड्रॉइडची होतील ही आशा व्यर्थ आहे.

अद्यतनांनाही मुदत असते, हे कित्येकांच्या गावीही नसते. पहिल्या पिक्सेल वॉचची हमी ऑक्टोबर २०२५ पर्यंतचीच होती. तेव्हा वापरलेले घड्याळ स्वस्तात घेणाऱ्याने काचेवरचे ओरखडे न्याहाळण्यापूर्वी ही तारीख अवश्य विचारून घ्यावी.